भुसावळच्या फिटरचे स्कॉटलंडमधील गाव

प्रश्न: माझ्या आईचे माहेर भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील एका अँग्लो-इंडियन कुटुंबाचे. आईचे पणजोबा अलेक्झांडर हे जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत फिटर होते आणि स्कॉटलंडहून आले होते, यापलीकडे घरात कोणाला काही ठाऊक नाही. आमच्याजवळ त्यांचे एक बायबल आहे. त्याच्या कोऱ्या पानावर त्यांचे नाव, १८४९ हे साल आणि ‘फॉरफारशायर’ हा शब्द शाईने लिहिलेला आहे. शिवाय त्यांच्या मुलीचा, म्हणजे माझ्या पणजीचा, १८८४ सालचा बाप्तिस्म्याचा दाखला आहे. त्यात आईचे नाव नुसते ‘मेरी’ असे आहे. येत्या सप्टेंबरात मी मँचेस्टरला मुलीकडे जाणार असून त्यातले सहा दिवस स्कॉटलंडसाठी काढता येतील. एवढ्या वेळात मूळ गाव सापडेल का? आधी एडिंबराला जावे की थेट त्या भागात? आमचे घराणे कोणत्या ‘क्लॅन’चे, म्हणजे वंशगटाचे, आणि त्याचे टार्टन, म्हणजे ओळखीचे चौकड्यांचे कापड, कोणते, हे कळेल का? एखादा जाणकार पैसे देऊन नेमावा का?
– एक निवृत्त शिक्षिका, नाशिक

उत्तर: आपल्या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर आधी देतो. सहा दिवस पुरतात, मात्र ते मूळ गाव शोधून काढण्यासाठी नव्हे. गाव कोणते, हे आपण नाशिकला बसून, निघण्यापूर्वीच्या महिन्यांत ठरवलेत, तर सहा दिवसांत भरपूर काही पदरात पडेल. आणि तोच शोध एडिंबराला उतरल्यावर सुरू करायचा म्हटला, तर पहिले तीन दिवस सूचीतली नावे चाळण्यातच जातील. स्कॉटलंडच्या जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदी, जनगणनेची पाने, जुनी मृत्युपत्रे आणि पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चखालील गावभागाच्या, नोंदवह्या यांचा फार मोठा भाग नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड या सरकारी दफ्तरखान्याने आपल्या ‘स्कॉटलंड्सपीपल’ या संकेतस्थळावर ठेवलेला आहे. सूचीत नाव शोधायला पैसे पडत नाहीत. मूळ पान उघडून पाहायचे असेल तर आगाऊ क्रेडिट घ्यावे लागते आणि जन्ममृत्यूच्या एका पानाला साधारण दीड पौंड पडतो. हॉटेलच्या एका रात्रीच्या भाड्यात अशी कितीतरी पाने घरबसल्या पाहून होतात.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगितले की ते वही काढून पिढ्या वाचून दाखवतात, हे आपण पाहिलेले असेलच. स्कॉटलंडमध्ये कोणतेही कार्यालय अशी तयार वंशावळ हातात देत नाही. तेथे एका कागदावरून दुसऱ्याकडे जात प्रत्येक पिढी आपणच जोडायची असते. आणि आपल्या बाबतीत त्यातला पहिला कागद स्कॉटलंडचा नाही, भुसावळचा आहे.

आपल्याजवळचा बाप्तिस्म्याचा दाखला मोलाचा असला तरी त्यात मुलीच्या आईबापांची नावे असतात, आजोबांचे नाव नसते. दफनाच्या नोंदीत वय, व्यवसाय आणि मृत्यूचे कारण मिळते, पण मृताचे आईबाप कोण, हे कळत नाही. आपल्याला हवी आहे ती अलेक्झांडर आणि मेरी यांच्या विवाहाची नोंद, कारण वधूवरांच्या वडिलांची नावे तिच्यात लिहिली जात. शिवाय वराचे वय, धंदा आणि तो अविवाहित होता की विधुर, हेही तिच्यात असते. मुंबई इलाख्यातील चॅप्लेन, म्हणजे सरकारी नेमणुकीचे धर्मगुरू, आपल्या नोंदवह्यांच्या नकला नियमाने वर पाठवीत आणि मुंबईहून त्या लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार पाहणाऱ्या जुन्या सरकारी खात्याच्या, दफ्तरात ‘एन/३’ या मालिकेत आहेत. त्यांतील नावांचा शोध फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीच्या विनामूल्य सूचीत सुरू करावा, आणि मूळ पाने ‘फाइंडमायपास्ट’ या वर्गणीच्या संकेतस्थळावर पाहावीत. नकलेत नावाच्या स्पेलिंगचा घोटाळा वाटला तर मूळ वही भुसावळच्या चर्चमध्ये अजून असू शकते. तेथील धर्मगुरूंना वर्ष आणि नाव देऊन पत्र लिहावे. विवाह भुसावळलाच झाला असेल असे मात्र धरून चालू नये. रेल्वेची माणसे बदलीवर फिरत, त्यामुळे इगतपुरी, मुंबई, अगदी जबलपूरपर्यंतच्या नोंदी पाहाव्या लागतील.

या विवाहाच्या नोंदीकडे आणखी एका कारणाने लक्ष द्यावे. आपल्या पत्रात अलेक्झांडर यांच्याविषयी चार प्रश्न आहेत, मेरी यांच्याविषयी एकही नाही. त्या स्वतः अँग्लो-इंडियन घरातल्या होत्या, की लग्नाआधी बाप्तिस्मा घेऊन हे नाव मिळालेल्या येथल्याच कोणी होत्या, हे आज सांगता येत नाही. पण त्यांच्या वडिलांच्या नावाचा रकाना कसा भरलेला आहे, किंवा तो कोराच सोडलेला आहे का, यावरून बराच उलगडा होतो. त्यांच्या बाजूचा शोध एडिंबरात नव्हे, खानदेशात घ्यायचा आहे, आणि त्यासाठी व्हिसाही लागत नाही.

अलेक्झांडर हे रेल्वे कंपनीने विलायतेत करार करून पाठवलेले कारागीर असतील किंवा पलटणीतून उतरून रेल्वेत शिरलेले असतील. दोन्ही वाटांनी पुष्कळ माणसे आली. इंडिया ऑफिसच्या दफ्तरात रेल्वे कंपन्यांचीही कागदपत्रे आहेत. ब्रिटिश लायब्ररीच्या सूचीत त्या कागदांचा नेमका क्रमांक आधी हाती लागला, तरच मँचेस्टरहून लंडनला एक दिवस जाऊन यावे. नुसते ‘बघून येऊ’ म्हणून जाऊ नये.

आता फॉरफारशायर. आजच्या नकाशावर हे नाव सापडले नाही म्हणून गोंधळू नका. १९२८ साली त्या परगण्याचे नाव अधिकृतपणे अँगस झाले. फॉरफार, किरिम्यूर, ब्रेकिन, आर्ब्रोथ, माँट्रोझ ही गावे त्यातली, आणि त्या काळी डंडी शहरही त्यातच मोडत असे. बायबलच्या कोऱ्या पानावरचा शब्द जन्मगाव सांगतो असेही लगेच मानू नये. १८४९ हे साल त्यांच्या जन्माचे असू शकते, तसेच ते बायबल आईला किंवा वडिलांना भेट मिळाल्याचेही असू शकते. ते पुस्तक छापले कोणत्या वर्षी, हे मुखपृष्ठामागील पानावर पाहा. ते १८४९ नंतरचे निघाले, तर साल जन्माचेच असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. विवाहाच्या नोंदीतील वयाशीही ते ताडून पाहा.

वडिलांचे नाव आणि अंदाजे जन्मसाल हाती आले की ‘स्कॉटलंड्सपीपल’वर १८५१, १८६१ आणि १८७१ या तिन्ही जनगणना क्रमाने पाहाव्यात. १८४९चा जन्म खरा असेल तर पहिल्या जनगणनेत दोन वर्षांचे मूल, दुसरीत बारा वर्षांचा मुलगा आणि तिसरीत कदाचित डंडीच्या एखाद्या कारखान्यातला तरुण कारागीर, असे तीन वेळा ते दिसायला हवेत. त्या भागात मोजकीच आडनावे आणि त्याहून मोजकी नावे फिरून फिरून येतात, त्यामुळे एकाच नावाचे तीन अलेक्झांडर सहज निघतील. अशा वेळी एकट्या नावावर न जाता घरातल्या सगळ्या माणसांचा संच जुळतो का, हे पाहायचे असते. १८५१ पासूनच्या जनगणनेत प्रत्येकाची जन्माची पॅरिश लिहिलेली असल्याने आईबाप कोठून आले, हेही त्याच पानावर समजते. १८४१च्या जनगणनेत ही सोय नाही. त्यात पंधरा वर्षांवरील माणसांची वयेसुद्धा बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली आहेत, त्यामुळे तेथे दिसणारा तिशीचा बाप प्रत्यक्षात चौतीस वर्षांचा असू शकतो.

यानंतर जी पायरी येते ती बहुतेक नवखे लोक गाळतात, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ रोजी सुरू झाली. इंग्लंडच्या मानाने साडेसतरा वर्षे उशिरा. पण पहिल्या वर्षीचा तक्ता असा काही भरगच्च आखला होता की तसा पुढे पुन्हा कधी झाला नाही. १८५५च्या जन्मनोंदीत मुलाचे नाव, वेळ आणि ठिकाण तर आहेच. शिवाय आई व वडील या दोघांची वये आणि जन्मस्थाने, त्यांचा विवाह कधी व कोठे झाला, आणि त्यांची आणखी किती मुले हयात आहेत व किती गेली, हेही आहे. हे सगळे विचारून लिहून घेणे निबंधकांना इतके जड गेले की १८५६पासून तक्ता आखूड केला. आईबापांच्या विवाहाची तारीख व ठिकाण १८६१पासून पुन्हा आले, बाकीचे आले नाही. अलेक्झांडर यांचा जन्म १८४९चा असेल, तर त्यांची स्वतःची अशी नोंद नसणार. पण पाठच्या भावंडांपैकी एखादे १८५५मध्ये जन्मले असेल, तर त्याच्या नोंदीत अलेक्झांडर यांच्या आईबापांची सारी हकिगत एका ओळीत बसलेली सापडेल. म्हणून १८६१च्या जनगणनेत त्या घरात पाच-सहा वर्षांचे मूल दिसले की आधी त्याची जन्मनोंद काढावी, अलेक्झांडर यांचा बाप्तिस्मा नंतर शोधावा.

मृत्युनोंदींचेही तसेच. इंग्लंडच्या त्या काळच्या मृत्युनोंदीत मृताचे आईबाप नसतात. स्कॉटलंडच्या नोंदीत असतात, आणि आईचे माहेरचे आडनावसुद्धा असते. म्हणजे अलेक्झांडर यांचे वडील १८५५नंतर केव्हाही वारले असतील, तर त्यांच्या मृत्युनोंदीवरून एकदम त्यांच्या आजोबा-आजींची नावे मिळतात, आणि आपण अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर पोहोचता. मात्र ही माहिती मृताने दिलेली नसते. पानाच्या कडेला माहिती देणाऱ्याची सही आणि मृताशी नाते लिहिलेले असते, ते नेहमी वाचावे. मुलाने बापाच्या मृत्यूची नोंद करताना आपल्या आजीचे माहेर बरोबर सांगितलेले असण्याचा संभव बराच. तेच जावयाने किंवा शेजाऱ्याने सांगितले असेल तर दुसऱ्या कागदाने पक्के होईपर्यंत पेन्सिलनेच लिहून ठेवावे. सहीच्या जागी फुली असेल तर माणसाला लिहिता येत नव्हते, आणि मग आडनावाचे स्पेलिंग हे कारकुनाच्या कानाचे समजावे.

अलेक्झांडर यांच्या बाप्तिस्म्याची नोंद चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जुन्या पॅरिश नोंदवह्यांत असायला हवी. पण ती तेथे न सापडल्यास धीर सोडू नका. १८४३ साली त्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि सुमारे एक तृतीयांश धर्मगुरू बाहेर पडून फ्री चर्चमध्ये गेले. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते स्कॉटलंडमधील लॉडर गावचे डॉ. जॉन विल्सन यांनीही येथून फ्री चर्चचीच बाजू घेतली, यावरून तो वाद किती दूरवर पोहोचला होता हे कळेल. १८४९चे मूल फ्री चर्चच्या कुटुंबातले असेल तर त्याचा बाप्तिस्मा पॅरिशच्या वहीत नसून त्या मंडळीच्या वहीत असणार, आणि अशा इतर मंडळ्यांच्या वह्याही आता बऱ्याच प्रमाणात त्याच संकेतस्थळावर आहेत. आणखी मागे गेल्यास १७८३ ते १७९४ या काळात नोंदी अचानक विरळ झालेल्या दिसतील. त्या वर्षांत प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, आणि गरीब विणकर तो वाचवण्यासाठी नोंदच करीत नसे.

नावांची एक रीत हाताशी असू द्या. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, तिसरा वडिलांच्या नावाचा. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी वडिलांच्या आईच्या, तिसरी आईच्या नावाची, असा त्यांचा साधारण रिवाज होता. तो पुरावा म्हणून वापरू नये, पण तीन अलेक्झांडरांपैकी आपले कोणते, हे ठरवताना तो उपयोगी पडतो. भुसावळला जन्मलेल्या त्यांच्या मुलांची नावे क्रमाने लिहून काढा. आपली पणजी पहिली मुलगी की दुसरी, यालाही मग अर्थ येईल.

एका गोष्टीची मनाची तयारी ठेवावी. चर्चच्या वडीलमंडळाच्या, म्हणजे कर्क सेशनच्या, इतिवृत्तांत लग्नाआधी मूल झालेल्या स्त्रीपुरुषांना समोर बोलावून केलेल्या चौकश्या शब्दशः लिहिलेल्या आहेत. जन्मनोंदीत बापाचे नाव नसलेला पूर्वज सापडणे हे तेथे मुळीच दुर्मीळ नाही, आणि अशा वेळी ही इतिवृत्तेच बापाचे नाव सांगतात. ती संगणकावर पाहता येतात, पण त्यांना नावांची सूची नसल्याने पानामागून पान वाचावे लागते. पॅरिश आणि वर्ष पक्के झाल्यावरच या वाटेला जावे.

एवढे झाले की प्रवासाचा आराखडा आपोआप ठरतो. आधी एडिंबरा, दोन दिवस. मग डंडी मुक्कामी ठेवून उरलेले चार. उलट क्रम का नको, तर गावात गेल्यावर जे पाहायचे त्याचा पत्ता एडिंबरातल्या कागदांवरून पक्का होतो.

एडिंबरात वेव्हर्ली स्टेशनाबाहेर पडले की प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला, वेलिंग्टनच्या अश्वारूढ पुतळ्यामागे, जनरल रजिस्टर हाउस ही रॉबर्ट अॅडमने आखलेली घुमटाची इमारत आहे. तेथील स्कॉटलंड्सपीपल केंद्रात एका दिवसाचे शुल्क भरून जागा आधी राखून ठेवावी लागते. ‘सगळे घरी दिसत असताना तेथे का जायचे’, असा प्रश्न आपल्या मनात येईल. घरच्या संगणकावर शंभर वर्षांच्या आतले जन्म, पंचाहत्तर वर्षांच्या आतले विवाह आणि पन्नास वर्षांच्या आतले मृत्यू यांची पाने उघडत नाहीत. त्या केंद्रात ती पाहता येतात, आणि पानागणिक पैसेही मोजावे लागत नाहीत. म्हणून तेथला दिवस मागच्या पिढ्यांवर खर्च न करता पुढच्या पिढ्यांसाठी ठेवावा. अलेक्झांडर यांच्या जे भाऊबहीण मागे राहिले, त्यांची मुले, नातवंडे, पतवंडे असे खाली येत आजच्या हयात नातेवाइकांच्या जवळपास पोहोचता येते. नाव आणि गाव सापडले तरी एकदम दारावर थाप मारू नये; आधी पत्र पाठवावे, आणि त्यात आपल्याजवळच्या बायबलाच्या पानाचे छायाचित्र ठेवावे. भारतातले अनोळखी पत्र म्हटले की माणूस जरा सावध होतो. ओळखीच्या आडनावाची जुनी अक्षरे पाहिली की उत्तर द्यावेसे वाटते.

दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीतील ऐतिहासिक वाचनकक्षात, अजून संगणकावर न आलेले काही पाहायचे असेल तरच जावे. तेथे वाचकपत्र काढावे लागते, त्यासाठी पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवावा. शिवाय बरेचसे दफ्तर शहराबाहेरच्या इमारतीत असल्याने कागद काही दिवस आधी मागवून ठेवावे लागतात. काही मागवायचे नसेल तर तो वेळ व्हिक्टोरिया टेरेसवरील स्कॉटिश जिनिऑलॉजी सोसायटीच्या ग्रंथालयाला द्यावा. परगण्यापरगण्यातील दफनभूमींतल्या शिलालेखांची वाचने तेथे एकत्र आहेत, आणि आज झिजून कोरे झालेले कितीतरी दगड त्यांत अजून वाचता येतात.

डंडीला एडिंबराहून रेल्वेने साधारण सव्वा ते दीड तास लागतो, आणि वाटेत फोर्थ आणि टे या दोन्ही खाड्यांवरचे पूल लागतात. टेवरचा पहिला पूल २८ डिसेंबर १८७९च्या वादळात वरून जाणाऱ्या गाडीसकट कोसळला. आता आपण जाल तो १८८७चा दुसरा. डंडी, आर्ब्रोथ आणि माँट्रोझ ही किनाऱ्यावरची गावे आजही रेल्वेवर आहेत, पण फॉरफार, किरिम्यूर आणि ब्रेकिन येथे आता प्रवासी गाडी जात नाही, बसने जावे लागते, आणि रविवारी बस थोड्या असतात. डंडीत टे व्हॅली फॅमिली हिस्टरी सोसायटीचे संशोधनकेंद्र आहे. तेथल्या स्वयंसेवकांची अर्ध्या दिवसाची मदत ही माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सर्वांत फायद्याची गोष्ट ठरेल, कारण कोणते आडनाव कोणत्या पॅरिशमध्ये दाट आहे हे त्यांना तोंडपाठ असते. जाण्याआधी ते कोणत्या दिवशी उघडे असते, हे विचारून घ्यावे.

गावात जाण्यापूर्वी दोन गोष्टी घरीच वाचून ठेवा. एक, नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने संगणकावर विनामूल्य ठेवलेले ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे सरकारी मोजणीखात्याचे, एकोणिसाव्या शतकातील नकाशे. जनगणनेत घराच्या नावाऐवजी शेताचे किंवा वाडीचे नाव असते, ते आजच्या नकाशावर नसले तरी यांत सापडते. दुसरी, ‘स्टॅटिस्टिकल अकाउंट्स’: १७९०च्या दशकात सर जॉन सिंक्लेअर यांनी पॅरिशच्या धर्मगुरूंकडून आपापल्या गावाचे वर्णन लिहवून घेतले, आणि १८३४ ते १८४५ या काळात तेच काम पुन्हा झाले. मजुरी किती, बटाट्याचे पीक कसे, माग किती, लोक दारू किती पितात, यांवर त्या धर्मगुरूंनी आपापल्या स्वभावाप्रमाणे लिहिले आहे. फॉरफार आणि किरिम्यूरच्या बाजूला घरोघरी हातमागावर लिननचे जाडेभरडे कापड विणले जात असे. यंत्रमागापुढे तो धंदा बसत गेला आणि विणकरांची मुले डंडीच्या गिरण्यांत, कारखान्यांत आणि पुढे परदेशात गेली. आपले अलेक्झांडर त्यांतलेच असतील असे मी म्हणत नाही. पण वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात ‘हातमाग विणकर’ दिसले, तर फिटरचे काम शिकलेला मुलगा भुसावळला का आला असेल, हे समजायला ती पाने उपयोगी पडतील. किरिम्यूरला विणकराचे एक छोटे घर नॅशनल ट्रस्टने जपलेले आहे आणि डंडीतील व्हर्डंट वर्क्स हे तागगिरणीचे संग्रहालय आहे. वेळ उरला तर दोन्ही पाहावीत.

दफनभूमीत फार अपेक्षा ठेवून जाऊ नये. विणकर आणि मजूर यांना दगड परवडत नसे, त्यामुळे कबर असते, शिळा नसते. शिळा असलीच तर एक गोष्ट आपल्या फायद्याची: स्कॉटलंडच्या शिळांवर विवाहित स्त्री बहुतेक वेळा माहेरच्या आडनावानेच कोरलेली असते. डंडी शहरातील ‘हाउफ’ ही दफनभूमी १५६४ साली राणी मेरीने शहराला दिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे दफने होत. अक्षरे वाचण्यासाठी दगडावर खडू घासू नये की ब्रशने शेवाळ खरवडू नये. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, किंवा बाजूने टॉर्च धरून, अक्षरे आपोआप उठून दिसतात. चर्चच्या इमारती मात्र बऱ्याच ठिकाणी विकल्या गेल्या आहेत किंवा आठवडाभर कुलूपबंद असतात. गावातले चर्च अजून चालू असेल तर रविवारच्या उपासनेला जाऊन बसावे. ते हमखास उघडे असण्याची वेळ तीच, आणि उपासनेनंतर चहाच्या वेळी गावातली वयस्क मंडळी भेटतात.

सप्टेंबर हा महिना चांगला आहे. ऑगस्टमधल्या एडिंबरा महोत्सवाने चढलेली हॉटेलांची भाडी खाली आलेली असतात आणि उजेडही पुरेसा असतो. दफ्तरखाने शनिवार-रविवारी बंद असतात हे लक्षात ठेवून एडिंबराचे दोन दिवस आठवड्याच्या मध्यात घ्यावेत; सप्टेंबरातला एक सोमवार एडिंबरात स्थानिक सुट्टीचा असतो, तोही तपासावा.

क्लॅन आणि टार्टन यांविषयी. एडिंबराच्या रॉयल माइलवर आडनाव सांगताच टार्टन आणि ‘घराण्याची मुद्रा’ काढून देणारी दुकाने ओळीने आहेत. हौस म्हणून मफलर घ्यायला हरकत नाही, पण वंशावळीत ते लिहू नये. क्लॅन ही मुख्यतः हायलँडची, म्हणजे डोंगराळ मुलखाची, व्यवस्था, आणि अँगसचा उत्तरेकडील डोंगराळ भाग सोडला तर आपला शोध लोलँडमधला, म्हणजे सखल मुलखातला, आहे. हायलँडमध्येसुद्धा सरदाराचे आडनाव त्याच्या जमिनी कसणारी कुळेही लावीत, त्यामुळे आडनाव एक म्हणजे रक्त एक, असे होत नाही. एकेका आडनावाला एकेक टार्टन ही वाटणी बहुतांशी १८२२मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला त्या सोहळ्यानंतर रुजली. कुलचिन्ह तर स्कॉटलंडच्या कायद्याने लॉर्ड लायन या कुलचिन्हांच्या अधिकाऱ्याच्या न्यायालयाकडून एका व्यक्तीला मिळते, आडनावाला मिळत नाही.

जाणकार नेमावा का? आता नाही. विवाहाची नोंद सापडली, जनगणना पाहून झाल्या आणि तरीही दोन अलेक्झांडरांपैकी एकाची निवड होत नसेल, तर नेमका तेवढाच प्रश्न लिहून द्यावा आणि तेवढ्याच तासांचे पैसे ठरवावेत. स्कॉटलंडमधील व्यावसायिक संशोधकांची ‘अस्ग्रा’ ही संघटना आहे. तिच्या सभासदांतून निवड करावी. ‘आमचे घराणे शोधून द्या’ असे मोघम काम कोणालाही देऊ नये. १७००च्या मागे गेलात तर मात्र जुने हस्ताक्षर वाचण्यासाठी मदत लागेलच.

व्हिसासाठी मुलीच्या निमंत्रणाबरोबर स्कॉटलंडच्या सहा दिवसांचा कार्यक्रमही जोडावा. साध्या व्हिजिटर व्हिसावर दफ्तरखान्यात बसून वाचन करता येते. घरातले कोणी ‘पूर्वज ब्रिटिश निघाला म्हणजे आपल्यालाही तिकडे राहता येईल’ असे म्हणत असेल, तर त्यांना सांगावे की वंशाच्या आधारे मिळणारा व्हिसा आजी-आजोबांपैकी कोणी ब्रिटनमध्ये जन्मले असेल तरच मिळतो. अलेक्झांडर आपले खापरपणजोबा लागतात. बायबल बरोबर नेऊ नये. त्याच्या त्या पानाची, मुखपृष्ठाची आणि छपाईच्या पानाची चांगली छायाचित्रे न्यावीत, आणि दाखल्याची एक प्रत हातातल्या पिशवीत ठेवावी.